लिफ्टबरोबर किती सीसी? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण तुम्ही रागाने लिहिलंय आणि त्या रागातलं एक म्हणणं अगदी बरोबर आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. स्तनांची लिफ्ट (ओघळलेले स्तन वर उचलणं) आणि इम्प्लांट (भरलेपणासाठी आत बसवायची पिशवी) एकाच ऑपरेशनमध्ये करताना मी ३५० सीसीचा (सीसी म्हणजे मिलिलिटर, इम्प्लांटचं आकारमान) हट्ट सोडून २४० वर कशी आले, ते मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, 'माझ्या मावसबहिणीने ३५० बसवलेत, दोन वर्षं झाली, काही झालं नाही. एवढा खर्च करायचा, एवढं दुखणं सोसायचं आणि ब्लाउजचं माप तेच राहणार असेल तर ऑपरेशन करायचंच कशाला? बायकांना उगाच घाबरवू नका.'

आधी माझी चूक. मी २४० हा आकडा लिहिला, पण स्वतःची मापं लिहिली नाहीत. त्यामुळे वाचणाऱ्या बाईला वाटणारच की लिफ्टबरोबर २४० च घ्यायचं असतं. तसं मुळीच नाही. रुंद छातीच्या बाईत २४० कुठे गेलं ते कळणारही नाही आणि बारीक चणीच्या बाईला तेच जड होईल. हे तुम्ही दाखवून दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

तर मापं. मला पहिल्या ठिकाणी टेप न लावताच ३५० सांगितलं होतं. 'मोठं घातलं की आपोआप उचललेलं दिसतं,' हे त्यांचं वाक्य, आणि मला ते ऐकायला फार बरं वाटलं होतं. दुसऱ्या डॉक्टरांनी सरळ उभं केलं, हात सैल सोडायला सांगितले आणि निळ्या पेनने खुणा केल्या. गळ्याखालच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंत २७ सेंटिमीटर. स्तनाग्र खालच्या घडीच्याही खाली उतरलेलं. स्तनाचा पाया, म्हणजे छातीवरची त्याची रुंदी, १२ सेंटिमीटर. मग कातडी चिमटीत धरून पुढे ओढून बघितली. दोन बाळंतपणं आणि त्यानंतर उतरवलेलं १६ किलो वजन, कातडीत जोरच उरला नव्हता. हे सगळं झाल्यावर सीसीचा विषय निघाला. इम्प्लांटची रुंदी त्या १२ च्या आत बसायला हवी. बाहेर गेली तर काखेकडे सरकते, नाहीतर मधोमध दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात.

आणि लिफ्टमध्ये आणखी एक गोष्ट येते, जी नुसत्या इम्प्लांटमध्ये येत नाही. उशीची खोळ लहान करायला घेतली आणि त्याच बैठकीत आत जास्त कापूस कोंबला, तर शिवणीचं काय होईल? लिफ्ट म्हणजे जादा कातडी काढून खोळ घट्ट करणं. इम्प्लांट तीच खोळ आतून ताणतं. दोन्ही कामं एकमेकांच्या विरुद्ध ओढतात आणि ताण सगळा टाक्यांवर येतो.

माझ्या चिरा स्तनाग्राभोवती, तिथून सरळ खाली आणि तळाच्या घडीतून आडव्या आहेत. उभी आणि आडवी चीर मिळते तिथे ताण सगळ्यात जास्त. तिसऱ्या आठवड्यात उजव्या बाजूला नेमकी तिथेच हरभऱ्याच्या डाळीएवढी जखम उघडली. आंघोळीनंतर टॉवेलवर पिवळसर डाग दिसला तेव्हा हातपाय गार पडले. रोज ड्रेसिंग करून ती भरायला महिना गेला. हे २४० ला झालं. आणखी ११० सीसी असते तर त्याच टाक्यांवर आणखी ओढ आली असती, हे सांगायला डॉक्टरही लागत नाही.

जखम भरते, व्रण फिका पडतो. मला जास्त भीती रक्तपुरवठ्याची वाटते. लिफ्टमध्ये स्तनाग्र कापून वेगळं करत नाहीत, आतल्या मांसाला जोडलेलं ठेवूनच वर सरकवतात, आणि त्याला रक्त मिळतं ते त्या जोडातूनच. मागून मोठं इम्प्लांट दाबत असेल आणि वरून कातडी घट्ट असेल, तर तो पुरवठा अडू शकतो. म्हणून मिश्री लावणाऱ्या बायकांना हात जोडून सांगते, डॉक्टरांपासून ते लपवू नका. आपल्याकडे कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळपासून राधानगरीपर्यंत घरोघरी डबी सापडते, माझ्या सासूबाईंचीही आहे, आणि 'सिगारेट ओढता का' असं विचारलं की आपण खुशाल 'नाही' म्हणून मोकळ्या होतो. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात. ऑपरेशनच्या आधी किमान महिनाभर आणि नंतरही काही आठवडे ती बंदच हवी.

आता तुमच्या मावसबहिणीबद्दल. तुम्ही इम्प्लांट बसवल्याचं लिहिलंय, लिफ्टचं नाही. लिफ्ट नसेल तर ते ऑपरेशनच वेगळं, तिथे खोळ लहान केलेली नसते. लिफ्टही झाली असेल आणि सगळं छान असेल तर आनंदच आहे, तिचा पाया रुंद असेल, कातडीत जोर असेल. ३५० सीसी जेल म्हणजे एका बाजूला साधारण ३५० ग्रॅम, दोन्ही मिळून ७०० ग्रॅम. हे वजन रोज खाली ओढणार, आणि आधीच एकदा सैल पडलेल्या कातडीला ते पेलायचं असतं. ज्यांना खरंच मोठं हवंय त्यांच्यासाठी वाट बंद नाही. आधी फक्त लिफ्ट, मग तीन ते सहा महिन्यांनी, व्रण पक्के झाल्यावर, इम्प्लांट. दोनदा भूल, दोनदा रजा, खर्चही जास्त, पण मला तो मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो.

मूळ लेखातल्या तांदळाच्या प्रयोगाबद्दलही बोलायला हवं, कारण इम्प्लांटचा अंदाज घ्यायला तो मीच सुचवला होता. मी पाव लिटरच्या मापाने घनसाळ तांदूळ मोजून पायमोज्यात भरले, सैल ब्रामध्ये ठेवले आणि दोन दिवस तशीच भाकऱ्या थापल्या. वजनाचा अंदाज त्यातून येतो. मापाने घेतलेले तांदूळ जेलपेक्षा थोडे हलकेच भरतात, एवढं लक्षात ठेवा. आकाराच्या बाबतीत मात्र लिफ्टवाल्या बाईला हा प्रयोग फसवतो. ओघळलेल्या स्तनावर तांदूळ ठेवून जे आरशात दिसतं, ते कातडी काढून सगळं वर घेतल्यावर दिसत नाही. हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं.

'ब्लाउजचं माप तेच, मग कशाला?' याचं उत्तर मला राजारामपुरीतल्या आमच्या टेलरताईंकडे मिळालं. आठ महिन्यांनी लग्नाचा ब्लाउज शिवायला गेले. छातीचा घेर जुन्या वहीतल्यापेक्षा जेमतेम एक इंच वाढला होता. मग त्यांनी खांद्यापासून टक्स पॉइंट (स्तनाच्या टोकापर्यंतचं अंतर) घेतला, थांबल्या, पुन्हा घेतला. वहीत बारा होते, आता दहा भरले. त्या काही बोलल्या नाहीत, नुसता जुना आकडा खोडला. मी ऑपरेशन केलं ते या दोन इंचांसाठी. इम्प्लांट हवं होतं ते वरचा रिकामा भाग भरायला, कारण नुसत्या लिफ्टने तिथला भरलेपणा टिकत नाही. ज्यांचं स्वतःचं मांस पुरेसं आहे त्यांना इम्प्लांटची गरजच पडत नाही.

घाबरवण्याचा आरोप मी मान्य करणार नाही. इम्प्लांट जन्मभराचं नसतं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०२१ मध्ये त्यावर ठळक इशारा छापायला लावला, आणि आत सिलिकॉन जेल असेल तर पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी तपासणी करायला सांगितलं. सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनला आपल्याकडे विमा मिळत नाही, म्हणजे हा खर्च पुढेही आपल्याच खिशातून. पंचविशीतल्या मुली मला इनबॉक्समध्ये फोटो पाठवून 'किती सीसी घेऊ' विचारतात. त्यांना हे सांगितलं नाही तर लिहायचं कशाला?

मूळ लेखात २४० च्या शेजारी आज माझी तिन्ही मापं घातली आहेत आणि तांदळाचा परिच्छेद बदललाय. मावसबहिणीला तेवढं विचारून कळवाल का, लिफ्ट झाली होती की नाही आणि पाया किती होता? तिची हरकत नसेल तर, नाव न घेता, तेही माझ्या मापांखाली टाकते.