दूध नाही, नांगर नाही

बँकेतून निवृत्त होऊन मालवण तालुक्यातल्या घरी राहायला आलेल्या माणसाने काय करावे, याबद्दल गावाची मते पक्की असतात. त्याने हापूसची कलमे लावावीत, देवस्थानच्या हिशेबात लुडबूड करावी आणि संध्याकाळी तिठ्यावर बसून महामार्गाच्या कामावर टीका करावी. एक म्हातारा बैल आणि एक पोरका रेडा दत्तक घेऊन त्यांना मरेपर्यंत सांभाळावे, हा उद्योग त्यात कुठेच बसत नाही. त्यामुळे आमच्या परड्यात ही जोडी दिसू लागल्यापासून मला रोज कुणा ना कुणापुढे जबाब द्यावा लागतो.

वस्तुतः असल्या जनावरांचा पूर्वेतिहास गावाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. चिखलणीला पॉवर टिलर आला आणि जोत बाळगणे परवडेनासे झाले. १९७६ च्या कायद्याने राज्यात गाईची कत्तल बंद होतीच. १९९५ साली विधिमंडळाने केलेल्या दुरुस्तीला २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैलही त्या छत्राखाली आला. आता थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक नाही आणि त्याला बसवून पोसण्याची ऐपत नाही, म्हणून एखाद्या रात्री त्याचे दावे गुपचूप सोडले जाते. असे सुटलेले बैल पावसाळ्यात डांबरी रस्त्यावर ठाण मांडतात, कारण भोवतालच्या राडीत बसण्याजोगी तेवढीच जागा उरलेली असते. आमचा ढवळ्या असाच बसलेला असताना एका टेम्पोने त्याचा मागचा पाय अधू केला. रेड्याची कथा याहून आखूड आहे. तो एका तबेल्यात जन्मला, नर निघाला, आणि आईचे दूध गिऱ्हाइकांसाठी राखलेले होते. २०१५ ची ती दुरुस्तीही त्याच्या कामाची नाही. ती गोवंशापाशी येऊन थांबते.

दोघांची सुटका करणाऱ्या संस्थेची माणसे आमच्याकडे आली, तेव्हा दत्तक मागणारा मी असूनही मुलगी पाहायला यावे तशी पाहणी आमचीच झाली. गोठ्याच्या जमिनीला उतार किती, मूत कुठे वाहून जाते, गव्हाण किती उंच, गडगा कुठे ढासळला आहे, पशुवैद्य किती लांब, हे सारे त्यांनी वहीत उतरवून घेतले. मग मला अंगणात थांबवून त्यांनी सौभाग्यवतींना आत नेले आणि विचारले, “तुमची मनापासून संमती आहे ना?” हा प्रश्न आपल्या लग्नात आपल्याला कोणी विचारला नव्हता, हे तिने मला त्याच संध्याकाळी ऐकवले. मला खरे तर एकटा ढवळ्याच हवा होता. पण कळपात राहणारे जनावर एकटे ठेवायचे नसते, असे सांगून त्यांनी रेडाही गळ्यात घातला.

हमीपत्रातली कलमे वाचताना माझ्यातला बँकवाला जागा झाला. जनावर विकायचे नाही, उसने द्यायचे नाही, कामाला जुंपायचे नाही, जमेनासे झाले तर संस्थेलाच परत करायचे. शेवटचा रकाना मात्र घाम फोडणारा होता. बैल आणि रेडा नीट सांभाळले तर वीस-वीस वर्षे जगू शकतात, आणि मी साठी ओलांडलेली. तेव्हा माझ्या पश्चात यांचे कोण पाहणार, त्याची सही हवी होती. ‘खात्याला वारस लावा’ असे सबंध नोकरीभर लोकांना बजावत आल्यामुळे मला आढेवेढे घेण्याची सोय नव्हती. ठाण्याचा मुलगा फोनवर म्हणाला, “बाबा, आमची सोसायटी मांजरालासुद्धा हरकत घेते.” अखेर सुनेने सही केली, आणि तीही सगळा कागद वाचून, जे दृश्य मी बँकेत फारसे पाहिले नव्हते.

आत्याची हरकत निराळी होती. यमाचे वाहन दारात बांधून म्हातारपण काढायचे, हे तिला पटेना. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले म्हणतात, त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे येथे आहे आणि लोक तिथे दर्शनाला जातात, असे सांगितल्यावर ती थोडी वरमली. आता ती त्याला कोंडा घालताना दोन अभंग म्हणते, पण संध्याकाळनंतर त्याच्या समोर येत नाही.

चाऱ्याचा प्रश्न अभंगांनी सुटत नाही. ढवळ्याला दिवसाला सहा-सात किलो सुका चारा लागतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत पेंढ्यासाठी त्याची गाठ थेट हापूसशी पडते. आंब्याची आढी पेंढ्यात घालायची, पेटीत आंबा पेंढ्यावर निजवायचा, तेव्हा बागायतदार जो भाव देतो तो बिनकामाच्या बैलाच्या धन्याने कसा द्यावा? त्या दिवसांत उडवी खालावत जाते आणि ढवळ्या रवंथ करत माझ्याकडे अशा नजरेने पाहतो, की कर्ज मंजूर न झालेल्या खातेदारांचीच मला आठवण व्हावी.

रेडा मात्र चाऱ्याची वाट पाहत नाही. मे महिन्यातल्या एका रात्री त्याने दावे तोडून झाडाखाली पडलेला बरका फणस सालीसकट संपवला. पहाटे पाहतो तो त्याची डावी कूस टम्म फुगलेली, टिचकी मारली की पोकळ वाजणारी, आणि तो स्वतः मान लांब करून धापा टाकणारा. डॉक्टरांनी फोनवरूनच पुढचे पाय उंचावर घ्यायला आणि गोडेतेल पाजायला सांगितले, आणि तेल श्वासनलिकेत गेले तर जनावर जाईल, तेव्हा हळूहळू पाजा, असेही बजावले. आम्ही त्याला गोठ्याच्या पायरीवर चढवले. चकल्यांसाठी आणलेल्या तेलाचा डबा सौभाग्यवतींनी एका शब्दाने न कुरकुरता फोडला. मी जबडा उचलून धरला आणि ती गालाच्या कडेने बांबूच्या नळ्यातून थोडे थोडे तेल सोडत राहिली. निम्मे तेल माझ्या बाहीत गेले. बऱ्याच वेळाने त्याने जी ढेकर दिली, तिचा वास आणि आवाज यांचे वर्णन सभ्य गद्यात करता येणार नाही. पण आमच्या घरात कुणाच्याही ढेकरेने इतका आनंद झालेला मला आठवत नाही.

शेजारचे अण्णा तेव्हा गडग्यापलीकडून सारे पाहत होते. डॉक्टर येऊन रेड्याला तपासून गेल्यावर त्यांनी आपला नेहमीचा प्रश्न टाकला, “तात्यानू, दूध नाय, नांगर नाय, मगे ठेवलास कशाक?” मी म्हणालो, “सोबतीला.” त्यावर ते म्हणाले, “सोबतीक वयनी आसत मा?” वाद घालण्याइतके त्राण माझ्यात नव्हते, म्हणून मी हमीपत्रच आणून त्यांच्या हातात दिले. अण्णांचे मुलगे मुंबईला असतात. सत्तरी उलटली तरी भाताचा वाफा आणि माडाचे पाणी त्यांच्याच माथी आहे. त्यांनी चष्मा पुसून कागद वाचला. वेळेवर खाणे, आजारपणात डॉक्टर, पावसात कोरडी जागा, एकटे ठेवायचे नाही, कामाला लावायचे नाही. कामाच्या कलमावर ते थांबले, बोट ठेवून ते पुन्हा वाचले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “तात्यानू, ह्यो कागद फक्त ढोरांकच मिळता काय?”

संस्थेला विचारून सांगतो, असे मी म्हणालो. तेव्हापासून ते दिवसाआड चौकशीला येतात आणि येताना ढवळ्यासाठी पेंढ्याची एक पेंडी घेऊन येतात.