डिझेल वाढवण्याआधी कोळसा किती ताजा आहे ते बघा

बारीक कोळसा पाण्यात डिझेलसारखे तेल घालून आणि हवेचे बुडबुडे सोडून फेसावर तरंगवतात, म्हणजे तो मातीपासून वेगळा होतो. या पद्धतीवरच्या तुमच्या लेखात म्हटले आहे, की तेल वाढवले की फेसावर जास्त कोळसा येतो; ते अर्धेच खरे आहे. झारखंडमधल्या झरियाच्या कोकिंग कोळशाचा (पोलादासाठी लागणारा कोक ज्यापासून बनतो त्याचा) अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक चुरा ताजा असेल, तर थोडे डिझेल आणि फेसासाठी पाइन तेल पुरते. त्याचा पृष्ठभाग मुळातच पाण्याला दूर ठेवतो. तोच चुरा उघड्यावर पडून राहिला की ऑक्सिजनमुळे पृष्ठभाग पाणी धरू लागतो आणि बुडबुडा त्याला पकडत नाही. मग डिझेल ओतत राहणे म्हणजे निव्वळ खर्च.

मातीच्या अतिबारीक कणांचा तर लेखात उल्लेखच नाही, आणि खरा त्रास तिथेच आहे! ते बुडबुड्याला न चिकटताही फेसातल्या पाण्याबरोबर वर येतात आणि राख वाढवतात. कोळसा-पाण्याचे मिश्रण पातळ ठेवले, फेसाचा थर जाड ठेवला, वरून पाण्याचा फवारा दिला, की फरक पडतो.

शिवाय आपल्याकडच्या प्राचीन गोंडवाना खडकांतल्या कोळशात बरीच राख कणांच्या आतच असते. ती दळल्याशिवाय सुटत नाही. पोलादासाठी कोकिंग कोळसा परदेशातून आणावा लागत असताना हा चुरा वाया जाणे मला फार खटकते. पुढच्या लेखात राख आणि उतारा (म्हणजे चुऱ्यातून किती कोळसा हाती आला) हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्याल का?