उन्हात राबणाऱ्यांसाठीही लिहा

तुमच्या लेखात मानेवर अडकवायच्या थंडाव्याच्या यंत्राचं कौतुक आहे आणि पुढे इमारतीचा एसी त्या यंत्राशी जुळवून घेत स्वतःचं तापमान ठरवेल, असं म्हटलंय. कल्पना मला मनापासून आवडली. एकाच ऑफिसात कुणी स्वेटर घालून बसतं, कुणी घामाघूम. प्रत्येकाला हवा तेवढा गारवा अंगाशीच मिळाला तर एसी २६-२७ अंशांवर ठेवूनही भागेल.

पण एक गोष्ट सुटली. मानेवरच्या अशाच एका यंत्रात, सोनीच्या 'रिऑन पॉकेट'मध्ये, पेल्टिए चकती असते. वीज दिली की तिची एक बाजू थंड होते, दुसरी तापते आणि ती उष्णता पंख्याने बाहेर टाकावी लागते. त्वचेचा छोटासा भाग गार होतो, बरं वाटतं; शरीराचं आतलं तापमान मात्र फारसं उतरत नाही. खुर्चीत बसणाऱ्याला तेवढं पुरतं. भर उन्हात स्लॅब टाकणारा मात्र बरं वाटतंय म्हणून सावलीत जाणं लांबवेल, आणि तिथेच धोका आहे.

जपानमध्ये बांधकामावरचे कामगार पंखे बसवलेली जाकिटं घालतात. ती घाम वाळवतात. मुंबईच्या उकाड्यात ती उपयोगी पडतील, पण चंद्रपूरला पारा ४५ वर गेला की पंखा त्वचेहून गरम हवाच अंगावर मारणार. तिथे बर्फाच्या पिशव्यांचं किंवा ओलं करून घालायचं जाकीट हवं, आणि ते हेल्मेटसारखं ठेकेदारानेच द्यायला हवं. पुढचा लेख यावर लिहाच.