पिवळा बिल्ला

आज सोसायटीतल्या एका वाढदिवसाहून माझा लेक परत आला तो मूठ आवळून. बूट न काढता सरळ बाल्कनीत जाऊन उभा. मी मागोमाग गेले. मूठ उघडेचना. शेवटी उघडली तर आत पुठ्ठ्याचा गोल बिल्ला, पिवळ्यावर पांढरे त्रिकोण, घामाने पार मऊ पडलेला. खाली मार्करने लिहिलेलं, 'झेनित्सु'. मग त्याने विचारलं, "आई, मी भित्रा आहे का गं?"

संध्याकाळपासून माझं डोकं फिरलंय.

ज्यांच्या घरात सहावी-सातवीतलं पोर आहे त्यांना 'डीमन स्लेयर' ही जपानी कार्टून मालिका सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: तांजिरो हा डोंगरात कोळसा विकणारा मुलगा. एका रात्री राक्षसाने त्याचं घरदार संपवलं. वाचली ती एकटी बहीण नेझुको, तीही राक्षसीण होऊन. तिला परत माणसात आणायचं म्हणून तो तलवार हातात घेतो. त्याचे दोन सोबती. एक रानडुकराचं मुंडकं चढवून फिरणारा इनोसुके आणि दुसरा झेनित्सु, जो राक्षस दिसला की किंचाळतो, रडतो, पाय धरतो. पार्टीत टीव्हीवर क्विझ लावली होती, 'तू कोणता राक्षससंहारक?' दहा प्रश्न, सगळ्यांदेखत उत्तरं द्यायची आणि निकाल लागेल तो बिल्ला छातीवर लावायचा. बहुतेक सगळे तांजिरो नाहीतर रेंगोकु, मालिकेतला आणखी एक शूर संहारक. झेनित्सु एकटा माझा. केक कापेपर्यंत पोरं त्याच्या मागे किंचाळत फिरली म्हणे.

त्याने उत्तर काय दिलं होतं? प्रश्न होता, 'अंधारात अडकलास तर काय करशील?' बाकीची पोरं म्हणाली, तलवार उपसेन. हा म्हणाला, घाबरेन आणि कुणालातरी हाक मारेन.

कारण तो अडकलाय. खरोखरचा.

गेल्या जुलैत भर पावसात लाईट गेली तेव्हा हा लिफ्टमध्ये होता. सोबत तिसऱ्या मजल्यावरच्या आजी. जनरेटरही बंद पडलेला. पाऊण तास ती दोघं दोन मजल्यांच्या मध्ये. मी जिन्यात उभी, वॉचमनदादा वर धावलेले, आणि आतून मला काय ऐकू येत होतं? पाढे. आजींचा श्वास वर चढायला लागला तसं हा म्हणाला होता, "आजी, तुम्हाला एकोणतीसचा पाढा येतो?" जुन्या शाळेतल्या त्या, त्यांना पावकी-निमकीसुद्धा पाठ. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. आवाज याचा थरथरतोय, मध्येच हुंदका येतोय, पण पाढा थांबत नाही. दार उघडल्यावर त्याने आधी आजींना हाताला धरून बाहेर काढलं. मग कठड्याशी जाऊन भडाभडा ओकला. त्या दिवसापासून तो लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. पाच मजले जिन्याने.

आता सांगा, हा भित्रा?

मी व्हॉट्सअ‍ॅपवर पार्टी ठेवणाऱ्या आईला लिहिलं. उत्तर आलं, "अगं, गेम होता तो, एवढं काय मनावर घेतेस!" गेम होता तर निकाल छातीवर का लावला? अकरा वर्षांचं पोर मनावर नाही घेणार तर कुणी घ्यायचं? आणि ज्या पोरांनी मालिका पाठ केलीय त्यांना बरोबर माहीत असतं की कोणत्या उत्तराला कोण मिळतो. ती हव्या त्या नावावर नेम धरून उत्तर देतात. खरं बोलेल तो सापडतो. हे असलं कसलं स्वभाव ओळखणं?

बरं, एक मान्य करते. त्या बाईने ते बिल्ले घरी बसून कापले होते, त्रिकोण एकेक करून चिकटवले होते. वाईट हेतू नव्हता. आणि कॉलेजात मासिकांतल्या असल्या चाचण्या मीही भरल्यात. पुढे.

माझा खरा राग वेगळा आहे. ही मालिका त्या आईने पाहिलेलीच नाही. मी पाहिलीय, लेकाच्या हट्टापायी, रात्री जेवताना ताट मांडीवर घेऊन. पहिले 26 भाग झाल्यावर मीच 'पुढचा लाव' म्हणायला लागले होते. (रक्त फार आहे, या वयाच्या मुलांनी पाहावं का, हा वाद वेगळा. मलाही तो पूर्ण सुटलेला नाही.) कोयोहारू गोतोगे यांनी 2016 ते 2020 आठवड्या-आठवड्याला ही गोष्ट आधी चित्रकथा म्हणून रचली, 23 खंड भरले. आणि त्या अख्ख्या गोष्टीत एकच सांगणं आहे की माणसावर लावलेलं लेबल पुरत नाही. या संहारकांच्या तलवारी पहिल्यांदा हातात घेतल्या की रंग बदलतात, रंगावरून माणूस कळतो असं मानतात. तांजिरोची तलवार काळी होते. काळा म्हणजे अशुभ, अशी माणसं पुढे जात नाहीत, अशी समजूत. ती घडवणारा कारागीर लाल रंगाची आस लावून आलेला, तो तर चिडून त्याच्या अंगावर धावून जातो. आणि पुढे काय होतं ते पोरांना विचारा. शिनोबु ही दुसरी संहारक इतकी चणीने लहान की राक्षसाची मान कापायची ताकद तिच्या मनगटात नाही, ती विस्टेरियाच्या फुलांपासून विष बनवते आणि तलवारीच्या टोकाने टोचते. दहा प्रश्नांत ही बसवून दाखवा.

आणि झेनित्सु! तो झोपेत गेल्यावरच शूर होतो असं सगळे म्हणतात. अर्धवट पाहिलं की असंच वाटणार. तांजिरो नेझुकोला ज्या पेटीत घालून पाठीवर वाहतो, ती आठवा. तांजिरो ती लाकडी पेटी दारात ठेवून आत जातो, जिवापेक्षा जास्त आहे म्हणतो. झेनित्सुचे कान तीक्ष्ण, पेटीत राक्षस आहे हे त्याला आवाजावरून कळलेलं असतं. इनोसुके पेटीत तलवार खुपसायला येतो तेव्हा हा पेटी कवटाळून बसतो. लाथा खातो, तोंड फुटतं, रडतो, पण हलत नाही आणि तलवारही उपसत नाही. तेव्हा तो टक्क जागा असतो! त्याला तलवारीच्या विजेच्या शैलीतल्या सहा प्रकारांतला एकच, पहिला, जमतो. गुरू त्याला टाकत नाहीत, म्हणतात, एकच येतो ना, मग तोच घासून घासून पार टोकाला ने.

मला ते वाचून, पाहून काय झालं असेल? मी राक्षसगणाची. नक्षत्र मघा. 27 नक्षत्रांचे तीन गण, प्रत्येकी नऊ, आणि माझ्या वाट्याला राक्षस. दोन स्थळं त्यावरून परत गेली. एका बैठकीत तर माझ्यासमोरच 'देवगणाच्या मुलाला सोसणार नाही' असं बोलले, आणि माझी आई पोह्यांच्या बशा उचलत होती. मी तेव्हा काहीच बोलले नाही. जपानातही रक्तगटावरून स्वभाव सांगायची हौस आहे, 1971 पासून त्यावरची पुस्तकं तिथे खपतायत. माणसाला खाचेत बसवायची घाई सगळीकडेच दिसते. म्हणूनच मला त्या गोष्टीतली नेझुको आवडते. तोंडात बांबू बांधलेली, स्वतः राक्षसीण, आणि ज्या उन्हात राक्षस जळून जातात, त्या उन्हातसुद्धा माणसांसाठी उभी राहणारी.

हे टाइप करता करता राग थोडा उतरलाय. खरं सांगायचं तर मी त्या आईवर एवढी का चिडले, ते आता कळतंय. लिफ्टमधून तो बाहेर आला, ओकला, तेव्हा जिन्यात जमलेल्यांत कुणीतरी हसून म्हणालं होतं, 'घाबरला वाटतं.' मी तेव्हाही गप्प बसले होते. पोराला कुशीत घेतलं, पण 'हो, घाबरला, आणि तरी त्यांना सांभाळून बाहेर आणलं' हे मोठ्याने म्हणायला हवं होतं. आज म्हणतेय. पाच महिने उशिरा.

मघाशी आम्ही दोघांनी तो पेटीचा भाग परत पाहिला. तो काही बोलला नाही. गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. संपल्यावर म्हणाला, "त्याला माहीत होतं ना, आत राक्षस आहे?"

"हो."

"आणि भीती वाटत होती ना?"

"खूप."

बराच वेळ गप्प. मग उठून त्याने बिल्ला इस्त्रीच्या टेबलावर सपाट ठेवला, वर भूगोलाचं पुस्तक दाबलं, सरळ व्हावा म्हणून.

आज अळूवड्या केल्यात. तिसऱ्या मजल्यावर आजींकडे चार नेऊन द्यायच्यात. डबा तोच घेतो म्हणाला. "जिन्याने," असं लगेच पुढे म्हणाला, माझ्याकडे न बघता. मी म्हटलं, चल, मीपण येते, जिन्याने.