रकाना कुणाच्या नावाचा?

सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० परिषदेत राष्ट्रपतींच्या मेजवानीच्या निमंत्रणावर ‘प्रेसिडेंट ऑफ भारत’ असं छापून आलं आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रण माजलं. काका एका बाजूला, भाचे दुसऱ्या. राज्यघटनेचं पहिलं कलम ‘इंडिया, दॅट इज भारत’ म्हणतं, हे प्रत्येकाने प्रत्येकाला पाठवलं आणि त्यातून ज्याला हवा तो अर्थ त्याने काढला. या सगळ्यात सांगलीच्या धाकट्या भावाचा एकच प्रश्न होता : ‘ताई, तारीख सरकली का गं?’

मी न्यू जर्सीत राहते. भावासाठी इथून अर्ज केलेला आहे. अमेरिकन नागरिकाच्या भावंडांच्या या वर्गाला एफ-४ म्हणतात. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. त्यातल्या तक्त्यात पहिला रकाना ‘पुढे नावं दिलेले देश सोडून बाकी सगळे’ असा, मग चीन, इंडिया, मेक्सिको, फिलिपिन्स. आपला अर्ज दाखल झाल्याचा दिवस, म्हणजे प्रायॉरिटी डेट, रकान्यातल्या तारखेच्या आधीचा असला की नंबर लागला. कधी तारीख महिनोन् महिने हलत नाही, कधी चक्क मागे जाते.

आता या ‘इंडिया’ रकान्यात कोण बसतं? पासपोर्ट भारताचा आहे तो नव्हे. भारतात जन्मला तो. आमच्या ओळखीच्या एका घरात दोन भाऊ आहेत. थोरल्याचा जन्म पुण्याचा. मग वडिलांना मस्कतला नोकरी लागली, धाकटा तिकडे झाला. दोघांचे पासपोर्ट भारतीय, दोघांसाठी बहिणीने एकाच दिवशी अर्ज केला. धाकटा वर्षानुवर्षं इंडियाचा रकाना बघत होता. त्याचा रकाना पहिला, ‘बाकी सगळे’वाला. उलट १९६१ च्या आधी मडगावात जन्मलेला गोंयकार पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन आला तरी रांग भारताचीच, कारण जन्मगाव आज ज्या देशात आहे तो देश धरतात. फाळणीआधी कराचीत जन्मलेल्या मराठी माणसाला आपलं पासपोर्ट खातं ‘अविभाजित भारत’ लिहू देतं. अमेरिकेच्या यादीत असा देश नाही. तिथे तो पाकिस्तानच्या नावावर जातो.

जन्मावरून माणसाची रांग ठरवणं हा अन्याय आहे, असं इथली मराठी मंडळी तावातावाने सांगतात. त्यांतलेच काही जण पुण्याला गेले की भूमिपुत्रांच्या नोकऱ्यांवर काय बोलतात, तेही मी ऐकलेलं आहे.

बरं, उद्या सगळीकडे ‘भारत’ झालंच तर? रकाने इंग्रजी वर्णानुक्रमाने असतात, म्हणजे आपण चीनच्या मागून चीनच्या पुढे येऊ. तेवढीच प्रगती. पण महिन्याच्या तारखा एक्सेलमध्ये उतरवून ठेवणारी माणसं आहेत (आमच्या घरात मी), त्यांच्या शीटमध्ये एकाच देशाच्या दोन ओळी होतील आणि जुन्या तारखा एका नावाखाली, नव्या दुसऱ्या नावाखाली शोधाव्या लागतील. आणि दुसऱ्या देशाने आपलं नवं नाव उचलावं असं काही बंधन नसतं. तुर्कस्तानने २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांत नाव बदलून ‘तुर्किये’ केलं, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ते २०२३ च्या जानेवारीत स्वीकारलं. म्यानमारचं नाव १९८९ मध्ये बदललं, तरी हे खातं अजून ‘बर्मा’च लिहितं. तिथला माणूस यादीत एम अक्षराखाली शोधत बसतो. आपल्याकडेही मुंबई होऊन तीस वर्षं झाली, पण मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत जाणाऱ्या इमिग्रंट व्हिसाच्या केसचा नंबर आजही ‘बीएमबी’ने सुरू होतो. बॉम्बेतला बी!

इतकी वर्षं तक्ता बघून माझं मत असं झालंय, की लांबलेल्या रांगेसाठी आपण ‘इंडिया’ या रकान्याला नको तितका दोष देतो. २०२५ मध्ये एफ-४ ला इंडियाच्या रकान्यात २००६ च्या तारखा चालू होत्या. बाकी जगाच्या रकान्यात जेमतेम वर्ष-दीड वर्ष पुढच्या. मेक्सिकोची तारीख तर २००१ मध्ये अडकलेली. म्हणजे भाऊ सांगलीऐवजी मस्कतला जन्मला असता तरी फारसं काही बिघडलं किंवा सुधारलं नसतं. सगळ्या जगाच्या भावंडांना मिळून वर्षाला साधारण ६५,००० व्हिसा, हा १९९० च्या कायद्यातला आकडा आहे आणि रांग त्याने लांबवली आहे. नोकरीच्या ग्रीन कार्डाचं गणित वेगळं. तिथे देशामागे सात टक्क्यांची मर्यादा खरोखर चावते : त्याच वर्षी ईबी-२ मध्ये, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या वर्गात, बाकी जग २०२३ वर होतं आणि इंडिया २०१२-१३ वर. मात्र सॉफ्टवेअरवाल्यांची ही ओरड ऐकून घरचे लोक भावंडांच्या रांगेलाही तेच कारण चिकटवतात.

घरी नावांवर जी भांडणं चालतात त्यांना मी हसत नाही. संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर या नावांमागे लोकांच्या भावना आहेत, आणि लांब राहून शहाणपण शिकवणाऱ्या अनिवाश्यांचा मलाही कंटाळा आहे. पण नाव बदलणाऱ्या सरकारने त्याच दिवशी एक रटाळ कामही करावं : ‘औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर हे एकच’ असं सही-शिक्क्याचं इंग्रजी-मराठी पत्र कुणालाही घरबसल्या काढता येईल अशी सोय. जन्मदाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं, हे घेऊन व्हिसाच्या खिडकीसमोर उभ्या राहणाऱ्याची तारांबळ मोर्चातल्या कुणाला दिसत नाही.

भावाची काळजी निराळी आहे. बापाबरोबर मुलांना जाता येतं ते एकविसाच्या आत असली तरच, आणि नंबर येईल तेव्हा त्याची मुलगी एकवीस ओलांडून गेलेली असणार. अर्ज मंजूर व्हायला लागलेला काळ तिच्या वयातून वजा होतो, तेवढाच आधार. परवा त्याने विचारलं, ‘देशाचं नाव बदललं तर अर्ज नव्याने करावा लागेल का गं?’ मी म्हटलं, नाही रे बाबा, तोच चालेल. तू आधी तुझा नगरपालिकेचा जन्मदाखला काढ. त्यावर नावाची जागा कोरी आहे, फक्त ‘मुलगा’ लिहिलंय. ते नाव घालून घे.