माझ्या घरघंटीत गहू दळू नका

"एवढ्याशानं काय होतंय रे?" हे वाक्य आता परत कुणी माझ्यासमोर म्हणालं ना, तर मी ताट उचलून जिन्यात जाऊन जेवणार आहे. सांगून ठेवतोय.

मला सीलिॲक आहे. रक्त तपासून झालं, दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढून बघून झाला, आणि डॉक्टरांनी स्वच्छ लिहून दिलं: गहू बंद, जव बंद, म्हणजे रवा, मैदा, शेवया, कुरडया सगळं आलं. जन्मभर. याला गोळी नाही, इंजेक्शन नाही, पथ्य हेच औषध. गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की माझं शरीर माझ्याच आतड्यावर तुटून पडतं. रोज नुसतं ५० मिलिग्रॅम जात राहिलं तरी काही महिन्यांत आतड्याचं अस्तर झिजायला लागतं. ५० मिलिग्रॅम ग्लुटेन म्हणजे एका पोळीचे पन्नास-साठ तुकडे केले तर त्यातला एक. एवढ्याशानं हे होतंय.

काकांचं म्हणणं, ही सगळी आजकालची फॅडं. काका, विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञानं गहू आणि या आजारावरचा प्रबंध १९५० साली लिहिलाय. तुमचं बारसंसुद्धा झालं नव्हतं तेव्हा.

मित्रांचं वेगळंच. "काय बे, सोलापूरचा असून रडतो? ज्वारी खा की!" अरे, खातोच की. मालदांडीची भाकरी, शेंगाची चटणी, वर दही, यावर मी आयुष्य काढीन. लोक इथून कडक भाकरीची पाकिटं पुण्या-मुंबईला घेऊन जातात, मी तर इथंच बसलोय. पण त्या चटणीच्या बरणीत पोळीचा तुकडा बुडवणारी माणसं माझ्याच घरात आहेत त्याचं काय करू? पोळ्या झाल्या की त्याच तव्यावर, कडेला पीठ जळून काळं झालेलं असताना, माझी भाकरी पडते. कणकेच्या हातानंच पिठाच्या डब्याचं झाकण उघडलं जातं. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात गव्हाचं पीठ लिहिलेलं असतं, हे मी आईला चष्मा लावून वाचायला लावलं. तिनं हिंग बदलला. तिचं नाव घेणार नाही मी या भांडणात, ती बिचारी जमेल तेवढं करते.

बाहेरच्या गिरणीत सगळ्यांचे गहू आणि माझी ज्वारी एकाच जात्यात, म्हणून दिवाळीचा बोनस आला तसा मी घरघंटी आणली. माझ्या पैशानं. हात जोडून सगळ्यांना सांगितलं, यात ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी काय ते दळा, गहू तेवढा नको. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग आली गड्ड्याची यात्रा, संक्रांतीच्या दिवसांतली आमच्या सिद्धेश्वराची जत्रा. घर पाहुण्यांनी भरलं. भोगीचा दिवस माझा लाडका, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी, अख्खं घर माझ्या पथ्याचं जेवतं. दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर घरघंटीच्या जाळीत तांबूस कोंडा अडकलेला. खाली पिठाच्या डब्यात हात घातला, बोटांना मऊ लागलं. ज्वारीचं पीठ असं लागत नाही. शेंगापोळ्यांसाठी गहू दळले होते! का, तर गिरणीत नंबर लागेना. वहिनी म्हणाली, "पुसून घेतलंय की भाऊजी." घरघंटीच्या आतली भिंत, पाती, सांधे, कुठं कुठं पुसलंस गं? तरी तिला कुठं ठाऊक असणार, दादाला ठाऊक होतं. तो शेजारी बसून टीव्ही बघत होता. आदल्या दिवशीची ती बाजरीसुद्धा त्या गव्हामागून दळलेली निघाली. पुढचे दिवस माझे संडासाच्या दारात गेले, तोंड फोडांनी भरलं, आणि वर ऐकायला काय मिळालं? "यात्रेत बाहेरचं काहीतरी खाल्लं असशील."

आणि ह्याच घरात एकादशी कशी असते ते सांगतो. आत्याचा उपास असला की साबुदाण्याची कढई वेगळी, झारा वेगळा, मीठसुद्धा वेगळं, शेंदेलोण. कांद्याच्या चमच्यानं चुकून भगर ढवळली तर आख्खं पातेलं बाद, नवीन टाका. पाच वर्षांच्या पोरालाही माहीत असतं की आज त्या ओट्याला शिवायचं नाही. म्हणजे वेगळं कसं ठेवायचं हे ह्या घराला झोपेतसुद्धा येतं! मी माझ्या तव्याच्या दांड्याला लाल चिकटपट्टी लावली तर तीच आत्या म्हणते, "सोवळं पाळायला लागलास होय रे?" होय, पाळतोय. तुझं चुकलं तर देव समजून घेतो, माझं आतडं घेत नाही.

त्यात आणखी एक गंमत. माझ्या जेवणाला नाकं मुरडायची, आणि माझी महागाची ग्लुटेन-फ्री बिस्किटं, राजगिऱ्याचे लाडू मात्र चहाबरोबर पाहुण्यांपुढे ठेवायचे. पोरांनी खाल्लं तर मी एक शब्द बोलत नाही. पण मोठी माणसं डबा उघडतात, "काही चव नाही बाई" म्हणतात आणि अर्धा संपवतात. चव नाही तर ठेवा की खाली! तुमच्यासाठी चौकात बेकरी आहे, खारी आहे, टोस्ट आहे. मला रात्री भूक लागली तर तो एक डबा आहे.

तर आता ऐका. घरघंटी माझ्या खोलीत गेली आहे. आतून-बाहेरून मीच साफ केली, ब्रश घेऊन, अख्खा रविवार घालवून. माझा तवा, परात, चटणीची बरणी तिथंच कपाटात, कपाटाला कुलूप. वहिनी बोलत नाहीये, दादा म्हणतो घरात फूट पाडतोयस. पाडतोय म्हणा. ज्वारी-बाजरी दळायची असेल तर आणून द्या, मी स्वतः दळून देतो, कितीही. गव्हाचं दळण गिरणीत न्या. गिरणी गल्लीच्या तोंडाशीच आहे, स्कूटरची किल्ली खुंटीला असते, आणि पेट्रोल परवाच मी भरलंय.