कोराडीचा धूर कुठल्या जाहीरनाम्यात आहे?

(हे लिहिलंय नोव्हेंबर २०२४च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीआधी.) २० नोव्हेंबरला मतदान. दोन्ही आघाड्यांचे जाहीरनामे समोर ठेवून फक्त विजेचा भाग वाचला. महायुती म्हणते, वीजबिलात ३० टक्के कपात आणि सौरऊर्जेवर भर. महाविकास आघाडी म्हणते, ३०० युनिटपर्यंत वापर असेल तर १०० युनिटचं बिल माफ. म्हणजे दोघांचंही लक्ष माझ्या बिलावर. वीज कशापासून तयार होणार, राख कुठे जाणार, यात कुणालाच फारसा रस नाही.

मी नागपूरकर, म्हणून हे जास्त टोचतं. बावनकुळे, नितीन राऊत, फडणवीस: लागोपाठ तीन ऊर्जामंत्री आमच्याच जिल्ह्यातले, दोन वेगवेगळ्या पक्षांचे. आणि नागपूरजवळच्या कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात काय झालं? आधीच ६६० मेगावॉटचे तीन संच धडधडत असताना आणखी दोन येऊ घातलेत. मे २०२३ मधल्या जनसुनावणीत लोकांनी विरोध केला, तरी गाडी पुढेच. २०२२च्या जुलैत याच केंद्राची राख साठवणारा खसाळ्याचा बंधारा फुटून राख आजूबाजूच्या गावांत शिरली. चिमणीतला सल्फर डायऑक्साइड रोखायचा नियम २०१५चा, मुदत २०१७ची. ती मुदत किती वेळा वाढली याचा हिशेब ठेवणं मी सोडून दिलं.

माझी पद्धत साधी आहे. पक्ष आज काय लिहितो ते नंतर, खुर्चीवर असताना त्याने काय केलं ते आधी. १०० युनिट माफीची घोषणा नवी नाही. २०२० मध्ये आघाडीच्याच ऊर्जामंत्र्यांनी ती केली होती. पुढे काय झालं, ते आपापली जुनी बिलं काढून बघा. शेतकऱ्यांच्या फुकट विजेचंही तसंच: २००४च्या निवडणुकीआधी काँग्रेस आघाडीच्या सरकारने दिली, निवडून आल्यावर त्याच आघाडीने काढून घेतली. आता महायुतीने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषीपंपांना २०२९ पर्यंत वीज मोफत केली आहे. ४४ लाख शेतकरी, वर्षाला चौदा हजार कोटींच्या वर खर्च. शेतकऱ्याला मदत नको असं कोण म्हणेल? पण वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात बोअर दरवर्षी खोल जाताहेत. फुकट वीज दिली की मोटर बंद करायचं कारणच उरत नाही. पाण्याचं काय, हा प्रश्न कुठल्याच बाजूने ऐकू आला नाही.

सौर कृषी वाहिनी योजनेला मात्र मी मनापासून मार्क देतो. गावाजवळ सौर प्रकल्प आणि त्यावर पंपांचा फीडर, म्हणजे शेतकऱ्याला दिवसा लाइट. रात्री दोन वाजता गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला बॅटरी घेऊन जाणाऱ्या माणसाला साप-बिबट्याची भीती काय असते, ते शहरात बसून कळत नाही. कल्पना चांगली आहे, मग ती कुणाची का असेना. किती गावांत खरंच दिवसा लाइट आली, ते प्रचाराला येणाऱ्यांना विचारा.

पण तेच महायुती सरकार सप्टेंबर २०२४ मध्ये अदानींना ६,६०० मेगावॉटचं एकत्र कंत्राट देतं: ५,००० सौर, १,६०० कोळशाची. विरोधकांनी आरडाओरडा केला, तोही मुख्यतः अदानी या नावावर. एकदा बांधलेलं औष्णिक केंद्र पंचवीस-तीस वर्षं चालतं. नाव बदललं तरी कोळसा तोच जळणार. पर्यावरण खात्याच्या नावात ‘वातावरणीय बदल’ जोडणाऱ्या पक्षाने (ठाकरेंच्या शिवसेनेने) तरी हे ठणकावून सांगायला हवं होतं.

(आता कमेंटमध्ये ‘मग कुणाला मत देणार?’ विचाराल. तो माझा आणि ईव्हीएमचा मामला.)

आमच्याकडे उमेदवार आले की मी तीनच गोष्टी विचारणार. कोराडीचे नवे संच हवेत की नकोत, हो किंवा नाही. बिलमाफीचे पैसे राज्याच्या तिजोरीतून येणार की दुकानदार-कारखानदारांच्या युनिटचा दर वाढवून? आणि जुने संच कुठल्या वर्षी बंद होणार? तुमच्या मतदारसंघात कुणी याचं लेखी उत्तर दिलं असेल, तर फोटो इथे टाका. पक्ष कुठलाही चालेल.